तेहतिसाव्या तासाला

आमच्या प्राणिशास्त्र विभागातला इन्क्युबेटर
माझ्याहून वयानं मोठा आहे.
दार लागत नाही, म्हणून गेडामकाकांनी
त्याला सुतळी गुंडाळलीय.
आत साडेसदतीस अंश, बशीभर पाणी,
बावीस अंडी, प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलनं:
सोम. सकाळी ६.

पहिल्या वेळी मी अंडी घरूनच नेली होती.
बाबांची गाडी इंदोऱ्यात, संध्याकाळी सहानंतर,
आमलेट, भुर्जी, उकडलेलं.
त्यांनी एकेक बल्बसमोर धरून बारा निवडली,
"घे, एकबी नासकं नाई."
तीन दिवस उबवली.
बाराही तशीच, पिवळी, गप्प.
उके मॅडम हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या,
"दुकानातल्या अंड्यांना बाप नसतो गं."
हे मी घरी सांगितलं नाही.

आता हॅचरीतून आणतो, कामठीच्या पुढून,
भुशात पुरून, शाहिस्ताच्या स्कूटीवर.
खड्डा आला की ती दुआ म्हणते
आणि मी महापालिकेला शिव्या देते.
दोन्हींचा उपयोग होतो,
आजवर एकच फुटलंय.

मंगळवारी दुपारी दोनला लाईट गेली.
बाहेर सेहेचाळीस.
गेडामकाका म्हणाले, "कायले घाबरून राहिल्या?
मे महिन्यात सारं नागपूरच उबवते."
पण पेटीतला पारा चाळिसाच्या वर सरकला
आणि मी बाबांना फोन लावला.
या उन्हात अंडी कशी सांभाळायची
ते कुठल्याच पुस्तकात नाही.

ते लुनावर आले, डोक्याला ओला दुपट्टा,
मागं ओलं पोतं, पिशवीत रेती.
कोणाला काही न विचारता सुतळी सोडली,
पोतं पेटीवर टाकलं, दार चार बोटं उघडं ठेवलं,
रेतीवर पाणी शिंपडलं.
मॅडम बाजूला उभ्या राहून बघत होत्या,
वहीत काहीतरी लिहून घेत.

तीन वाजले. तेहतीस तास.
मी कवचाला खिडकी पाडली,
बलकावर फिल्टर पेपरची कडी ठेवून
कडेकडेनं कापलं,
आणि कोमट सलाइनमध्ये सोडलं
नखाएवढं, जवळजवळ नसलेलं काहीतरी.
आरशाचा जुना मायक्रोस्कोप खिडकीशी नेला.
सोमाइटच्या बारा जोड्या, जोत्याला लावलेल्या विटांसारख्या.
आणि वर, जरा उजवीकडं कललेलं,
दोन नळ्या दोन बाजूंनी येऊन
मध्यात एक झालेलं हृदय.
हलत होतं.
रक्त अजून आपापल्या बेटांवर बसलेलं,
तिथवर वाटच झालेली नाही,
न्यायला काही नाही, आणायला काही नाही,
तरी हलत होतं.

"बाबा, बघता?"
त्यांनी आधी चुकीचा डोळा मिटला.
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.
"याले दिसतो का आपण?"
म्हटलं, डोळ्यांच्या जागी नुसते फुगवटे आहेत.
"हे वाढलं असतं?"
म्हटलं, उघडलं नसतं तर.
ते हललेच नाहीत.
मला वाटलं, आता काही म्हणतील,
रोजची त्यांची दोनशे,
कढईच्या काठावर एका हातानं फोडलेली.
पण ओठ हलत होते, आवाज नव्हता,
आणि डावा हात वर करून
मला घड्याळ बघायला सांगत होते.

"मिनिट झालं," मी म्हटलं.
"पाच डझनाले दोन कमी."

सहाची गाडी लावायची म्हणून ते निघून गेले.
पोतं न्यायचं विसरले.
जर्नलमध्ये, निरीक्षणाच्या रकान्यात,
मी लिहिलं: अठ्ठावन्न, अनियमित.
मॅडमनी लाल पेनानं विचारलं,
कोणी मोजले?